मिप्समध्ये डॉक्टर बसतो का नाही, नक्की कसं बघायचं?

जुळे_सोलापूरकर:
मी सोलापुरातनं घरून अमेरिकेतल्या क्लिनिकचं बिलिंग बघतो, नाईट शिफ्ट. मिप्स म्हणजे तिथल्या मेडिकेअरची (मुख्यतः म्हाताऱ्यांचा सरकारी विमा) योजना, डॉक्टरनं कामाच्या दर्जाचा डेटा द्यायचा आन त्यावर पेमेंट कमीजास्त होतं. आमच्या एक फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टर मॅडम दोन क्लिनिकमध्ये बसतात. क्यूपीपीच्या (मिप्स ज्यात येतं तो सरकारी कार्यक्रम) साईटवर त्यांचा १० आकडी एनपीआय (डॉक्टरचा ओळख नंबर) टाकला तर एका क्लिनिकखाली एलिजिबल (मिप्समध्ये बसतात) दाखवतंय आन दुसऱ्याखाली एक्झेम्प्ट (सूट). क्लायंट विचारतोय २०२५ चा डेटा द्यायचा का नाही, काय सांगू त्याला? एकाच डॉक्टरचं दोन स्टेटस कसं काय?

रात्रपाळीवाली:
दादा, बरोबरच दाखवतंय ते. नुसतं डॉक्टरवर नसतंय, एनपीआय आणि टिन अशी जोडी बघतात, टिन म्हणजे क्लिनिकचा टॅक्स नंबर. क्लिनिक दोन तर जोड्या दोन. प्रत्येक जोडीला तीन गोष्टी मोजतात: मेडिकेअर पार्ट बीची (डॉक्टरच्या फीचा भाग) अलाउड म्हणजे मान्य केलेली रक्कम ९०,००० डॉलरच्या वर, त्यातलेच पेशंट २०० च्या वर, सर्व्हिस २०० च्या वर. तिन्हीत वर गेले तरच सक्ती. एकदोनमध्येच गेले तर ऑप्ट-इन, म्हणजे स्वतःहून सामील, करता येतंय, पण एकदा केलं की त्या वर्षी माघार नाही, म्हणून क्लायंटला विचारल्याशिवाय ते बटण दाबू नका. आणि वर साल २०२५ च निवडलंय ना ते आधी बघा.

होटगीरोड_कोडर:
ताई बरोबर सांगतायत. फक्त ग्रुपची ओळ पण बघा की ओ, लोक तीच सोडतात. मॅडम दुसऱ्या क्लिनिकमध्ये एकट्या म्हणून सुटल्या असतील पण ते क्लिनिक ग्रुप म्हणून डेटा देत असेल तर ग्रुपचा स्कोअर त्यांना पण लागू होऊ शकतो. दुसरं म्हणजे तपासणी दोनदा होते, २०२५ साठी पहिली ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ च्या क्लेमवर (मेडिकेअरला पाठवलेल्या बिलांवर) आन दुसरी त्याच्या पुढच्या १२ महिन्यांच्या. पहिल्यात एलिजिबल दिसलेला दुसऱ्यात सुटू शकतो, त्यामुळं वर्षाच्या सुरुवातीला काढलेल्या स्क्रीनशॉटवर क्लायंटला उत्तर देऊ नका, आज परत उघडून बघा. सक्ती असताना काहीच दिलं नाही तर २०२७ च्या पार्ट बी पेमेंटमधनं ९ टक्क्यांपर्यंत कापतात, छोट्या क्लिनिकला लई मोठी रक्कम आहे ती.

रात्रपाळीवाली:
हो, आणि मॅडम मेडिकेअरला २०२५ मध्येच पहिल्यांदा एनरोल (नोंदणी) झालेल्या असतील तर त्या तशाच सुटतात, ते पण विचारून घ्या.

जुळे_सोलापूरकर:
एनरोलमेंट जुनी आहे. आत्ता परत बघितलं, पहिलं क्लिनिक अजून एलिजिबलच आहे, म्हणजे तिथला डेटा द्यायचाच. दुसऱ्यात मॅडम सुटल्यात पण ग्रुपच्या ओळीत एलिजिबल आहे. ते ग्रुप म्हणून देणारेत का ते आज रात्री त्यांच्या ऑफिस मॅनेजरला मेल करून विचारतो. थँक्यू दोघांना.