गच्चीवर मासे आणि भाजी एकत्र (ॲक्वापोनिक्स), लातूरचं बोअरचं पाणी, सुरुवात कशी करू?

गच्चीतली_मेथी (लातूर)

नमस्कार मंडळी. मी लातूरची, म्हणजे २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तेच आमचं शहर. गच्चीवर कुंड्यांमध्ये भाजी लावते मी पण एप्रिल-मे आला की कुंड्यांना पाणी घालताना जीव वर-खाली होतो, घरात प्यायला जपून वापरायचं आणि इकडे झाडांना बादल्या ओतायच्या. ॲक्वापोनिक्सबद्दल बरंच वाचलंय, टाकीत मासे, त्यांचं पाणी भाजीच्या वाफ्यात आणि वाफ्यातून गाळून परत टाकीत, तेच पाणी फिरत राहतं. हे मला नीट शिकायचंय, कुणाकडून तयार सेट विकत घेऊन नाही तर समजून घेऊन.

माझ्याकडे ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी आहे, २०० लिटरचा निळा ड्रम उभा कापून दोन वाफे करता येतील, कुलरचा एक पंप पडून आहे. पाणी बोअरचं, जड आहे, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, पट्टीवर पीएच आठच्या वर दाखवतो. आणखी एक म्हणजे आमचं घर माळकरी, सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे मासे खायचा प्रश्नच नाही, फक्त पाळायचे, त्याला त्यांची ना नाही. तर कोणते मासे घेऊ, हे पाणी चालेल का, आणि आधी काय करायचं, मासे आणायचे की रोपं लावायची? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, आधी मासेही नाही आणि रोपंही नाही, आधी जिवाणू. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं म्हणून जरा लांबण लावतो.

मासा खाल्लेल्या खाद्यातला नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो आणि हा अमोनिया त्याच्यासाठीच विष आहे. खडीवर, पाइपांच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यातले एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट म्हणजे पालेभाजीचं जेवण. हा थर तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत जास्तच. बहुतेक जण हौसेनं पहिल्याच आठवड्यात मासे सोडतात, चार-पाच दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात आणि मग लोक म्हणतात की ॲक्वापोनिक्स आपल्याकडे चालत नाही.

माशांशिवायही हे जिवाणूंचं चक्र सुरू करता येतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, पण कल्हईसाठी मिळतो तो घेऊ नका, लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा. ५०० लिटरला ५ ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम) होतो. पंप चालू ठेवायचा, पाणी खडीतून फिरत राहू द्यायचं आणि थेंबांचं टेस्ट किट आणून एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही मोजून वहीत लिहायचं. आधी अमोनिया उतरायला लागेल, मग नायट्राइट चढेल, बरेच दिवस चढलेलाच राहील, तिथं धीर सोडायचा नाही. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा नवसागर. टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य व्हायला लागला की चक्र बसलं. कुणाचा चालू सेट जवळपास असेल तर त्यांच्या वाफ्यातली ओंजळभर ओली खडी आणा, विरजण लावल्यासारखं काम करते, आठवडे वाचतात.

तुमचा आठच्या वरचा पीएच या टप्प्यात उलट फायद्याचाच आहे, या जिवाणूंना तो आवडतो. अडचण नंतर येते, ती दुसरं कुणी सांगेलच.

बीमकॉलम (पुणे)

मासे-भाजीतलं मला फारसं कळत नाही, मी सिव्हिलवाला, पण गच्ची हा शब्द वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. कृपा करून आधी वजन मोजा.

माणसं वावरतात अशी साधी गच्ची चौरस मीटरला साधारण १५० किलो एवढा वापरातला भार धरून डिझाइन करतात. आता तुमचा हिशोब बघा, ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो आणि ते एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेत उभं. अर्ध्या ड्रममध्ये १०० लिटर खडी म्हणजे दीडशे-एकशेसाठ किलो, वर खडीच्या फटीत पाणी, म्हणजे एक वाफा २०० किलोच्या आसपास, असे दोन. सगळं मिळून ९०० किलोच्या घरात जातं आणि हे वजन वर्षानुवर्षं हलणार नाही, शिवाय जिथं सतत ओल असते तिथं स्लॅबला गळती लागली तर सळई गंजते.

करू नका असं म्हणत नाहीये. टाकी कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवर आणा, स्लॅबच्या मध्यावर अजिबात नको. वाफे भिंतीकडेच्या बीमला धरून, खाली लोखंडी अँगलचा स्टँड म्हणजे वजन बीमवर पसरेल. घर जुनं असेल, लोड बेअरिंगचं (कॉलम नाहीत, भिंतींवरच उभं) असेल तर आधी स्थानिक इंजिनिअरला दाखवा. अंगण असेल तर अंगणातच करा, ऊन चार-पाच तास मिळालं तरी पालेभाजीला चालतं.

गच्चीतली_मेथी (लातूर)

बीमकॉलम दादा, खूप आभार, हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. मागं अंगण आहे, सकाळचं ऊन येतं तिथं, मग तिथंच करते. कृष्णाकाठ दादा, खडी कोणती घ्यायची? आणि निळा ड्रम कसाही चालतो का?

कृष्णाकाठ (सांगली)

खडीच्या बाबतीत आपण मराठवाड्या-पश्चिम महाराष्ट्रातली माणसं नशीबवान, आपला काळा दगड बेसॉल्टचा, तो पाण्याचा पीएच वाढवत नाही. चुनखडीचा दगड मात्र वाढवत राहतो. खात्री करायची तर खडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकून बघा, बुडबुडे आले तर नको. १२ ते २० मिमीची घ्या आणि क्रशरची भुकटी पूर्ण जाईपर्यंत धुवा.

ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारूनच घ्या, खाण्याच्या वस्तूंचा असेल तरच, केमिकलचा किंवा कीटकनाशकाचा कितीही धुतला तरी नको. आणि जोडणीत पितळ, तांबं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) काही वापरू नका, तांबं आणि जस्त माशांना मारक आहे, सगळं पीव्हीसीचंच ठेवा. कुलरचा पंप चालेल, फक्त तासाला निदान टाकीभर पाणी फिरलं पाहिजे. बेल सायफन (वाफा भरला की पाणी आपोआप उतरवणारी नळी) शिकायला छान आहे पण सुरुवातीला पंपाला टायमर लावा, १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद. पाणी भरतं आणि उतरतं तेव्हा खडीत हवा खेचली जाते, मुळांना आणि जिवाणूंना दोघांनाही ती लागते.

बोटुकली (उदगीर)

ताई तुम्ही लातूरच्या म्हणून मुद्दाम लिहितोय, तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. एकदा येऊन जा, माशांचं आरोग्य, पाणी तपासणी, खाद्य या गोष्टी प्रत्यक्ष बघून जेवढ्या कळतात तेवढ्या व्हिडिओ बघून कळत नाहीत.

आता पाण्याचं. जड पाण्यात दोन त्रास आहेत. एक, अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो, सातला जेवढा असतो त्याच्या जवळजवळ दहापट आठला, म्हणजे किटवर आकडा तोच दिसतो पण माशाचं मरण-जगणं वेगळं. दोन, साडेसातच्या वर लोह झाडाला मिळेनासं होतं, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार (पीएच धरून ठेवतो तो भाग) खातातच त्यामुळे पीएच आपोआप हळूहळू उतरतो, पण तुम्ही बाष्पीभवन भरून काढायला रोज पुन्हा तेच जड पाणी ओतणार, म्हणून तो उतरत नाही. यावर सगळ्यात सोपा उपाय पावसाचं पाणी. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुवून जाऊ द्या, मग ऑगस्ट-सप्टेंबरचं साठवा आणि बोअरचं निम्मं, पावसाचं निम्मं असं भरा. नुसतं पावसाचं भरू नका, त्यात क्षार नसतो आणि पीएच एकदम कोसळतो, सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं. सहा पूर्णांक आठ ते सातच्या आसपास राहिला तर मासे, झाडं, जिवाणू तिघांचंही भागतं. पावसाचं पाणी संपलं तर फॉस्फरिक ॲसिड, पण ते वेगळ्या ड्रममध्ये पाण्यात मिसळून, मोजून, मग ते पाणी टाकीत. मासे असलेल्या टाकीत थेट ॲसिड कधीच नाही. लिंबू वगैरे पण नको, सायट्रिक ॲसिड जिवाणूंना मानवत नाही.

मासे तुमच्या घरासाठी कोई कार्प. दणकट असतात, आपल्याकडच्या थंडी-उन्हाळ्यात टिकतात आणि दिसतातही सुंदर. ज्यांना खायचेत त्यांच्यासाठी पंगस किंवा रूपचंद बरे, तिलापियाला परवानगी लागते ते मत्स्य विभागात विचारूनच, आणि थाई मागूरवर बंदी आहे, कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

किती मासे यापेक्षा खाद्य किती हे महत्त्वाचं. एक चौरस मीटर पालेभाजीला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं असा एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) २०१४ च्या मोफत पुस्तकातला ठोकताळा आहे. तुमचे दोन वाफे मिळून साधारण एक चौरस मीटर. २० कोई, प्रत्येकी १०० ग्रॅमचे झाले की २ किलो मासे, वजनाच्या २ टक्के खाद्य म्हणजे ४० ग्रॅम, बरोब्बर बसतं. लहान बोटुकली (माशांची पिल्लं) असताना खाद्य कमी, म्हणून सुरुवातीला एकच वाफा लावा. कोई फूटभराच्या वर वाढतात, तेव्हा काही काढून कुणाला तरी द्यावे लागतील. खाद्य १०-१५ मिनिटांत संपेल एवढंच, उरलेलं जाळीनं काढून टाका. अमोनिया दिसला की त्या दिवशी खाद्य बंद, मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही.

कोथिंबीर_जुडी (डोंबिवली)

पिकांचं मी सांगते. पहिली पिकं पालक, आंबट चुका, अळू, लेट्यूस. अळूला तर हे पाणी फार मानवतं. मेथी-कोथिंबीर खडीत थेट बी टाकून नीट उगवत नाही, कोकोपीटमध्ये रोप करून लावा. पुदिना वेगळ्या छोट्या डब्यात, नाहीतर त्याची मुळं पाइपात घुसून पाणी अडवतात. टोमॅटो, मिरची, वांगी पहिल्या हंगामात नको, त्यांना पालाश लागतं आणि माशांच्या खाद्यात ते कमी असतं.

पानं पिवळी पडली तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं), तुमच्या जास्त पीएचच्या पाण्यात त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं घ्या, पाणी लालसर होतं त्याला घाबरू नका.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, झाडावर कसलंही औषध मारायचं नाही, निंबोळी तेलसुद्धा नाही. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. डासांसाठी गल्लीत धुराची फवारणी येते ना, त्यात बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, माणसाला सौम्य पण माशांना अतिशय घातक. गाडीचा आवाज आला की टाकी प्लास्टिकनं झाकायची आणि हवेचा पंप त्या भागातली हवा ओढत असेल तर तेवढा वेळ घरात घ्यायचा. आमच्या कॉलनीत एका काकांची अख्खी टाकी अशी गेली, जिवाला लागलं होतं त्यांच्या.

गच्चीतली_मेथी (लातूर)

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतेय. दोन शंका राहिल्या. पाणी खरंच किती वाचतं? आणि आमच्याकडे लाईट जाते, कधी कधी दोन-तीन तास, तेव्हा काय?

कृष्णाकाठ (सांगली)

पाणी रोज १ ते ३ टक्के भरावं लागतं, तुमच्याकडे ५ ते १५ लिटर, मे महिन्यात वरचा आकडा धरा. टाकीवर आणि वाफ्यांवर ५० टक्के शेडनेट लावा, टाकी बाहेरून आधी काळी मग वर पांढरी रंगवा म्हणजे आत उजेड जाऊन शेवाळ होत नाही आणि तापतही नाही. हे तंत्र ज्यांनी मोठ्या प्रमाणावर उभं केलं ते जेम्स राकोसी कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर वर्जिन आयलंड्स विद्यापीठात १९८० पासून काम करत होते, आणि ते बेटही असंच पावसाच्या पाण्यावर जगणारं, गोड्या पाण्याची टंचाई असलेलं. त्यामुळे लातुरात हे करावंसं वाटणं मला अगदी बरोबर वाटतं.

लाईटचं मात्र हलक्यात घेऊ नका. पाणी गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी, २५ अंशाला लिटरमध्ये जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३५ ला ७ च्याही खाली, आणि माशांना ५ तरी लागतो. १२ व्होल्टचा डीसी एअरपंप आणि जुनी चालू बॅटरी लावून ठेवा, लाईट गेली की आपोआप सुरू होईल असं रिले कोणताही इलेक्ट्रिशियन बसवून देतो. मासे कमी ठेवलेत तर दोन-तीन तास निभावतात. लाईट गेलेली असताना खाद्य घालायचं नाही.

बोटुकली (उदगीर)

यात एक भर, मे महिन्यात सुरू करू नका आणि डिसेंबरातही नको. पावसाचं पाणी साठवून सप्टेंबरच्या मध्याला नवसागर टाका, दिवाळीच्या सुमारास चक्र बसेल, तेव्हा बोटुकली आणायच्या आणि त्याच आठवड्यात पालकाची रोपं. येण्याआधी इथंच मेसेज करा, बोअरच्या पाण्याची एक बाटली सोबत आणा, क्षारता मोजून बघू म्हणजे पावसाचं पाणी नेमकं किती मिसळायचं ते ठरवता येईल.