मदत हवी आहे: बाटल्या निर्जंतुक करायचा खात्रीचा उपाय सांगा, शुक्रवारच्या आत

पत्र्याचं_घर
नमस्कार मंडळी. बाटल्या निर्जंतुक करायचा एकच पण खात्रीचा उपाय पाहिजे. मागच्या खेपेला कडक गरम पाण्याने धुतल्या, तरी निम्मा माल नासला, वरती पांढरं काहीतरी आलं, आंबूस वास मारत होता आणि एक बाटली रात्री फुटलीच. यूट्यूब बघून डोकं फिरलंय, एक म्हणतो उकळा, दुसरा म्हणतो ब्लीच, तिसरा परदेशातून मागवायचं औषध सांगतो. शुक्रवारी भरायच्या आहेत, रविवारी भाच्याचा वाढदिवस. जळगाव-भुसावळात मिळेल असंच सांगा. प्लीज लवकर.

खापरवरना_मांडा
भाऊ, पहिले हाई सांग, बाटल्यास्मा भरनं काय शे?

नव्याची_आई
मी दोन्ही मुलांच्या बाटल्या अशाच केल्या, आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायच्या, निपल उलटं करून आतून घासायचं, मग मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडतील एवढं पाणी घेऊन पाच मिनिटं उकळायच्या. चिमट्याने काढा, हात लावू नका. निपल चिकट झालं की लगेच बदला.

लॅबवाले_काका
ताई, भाच्याचा वाढदिवस म्हणजे बाटलीने पिणारा भाचा नसावा असं वाटतंय. पत्र्याचं घर, काच का प्लास्टिक? किती नग? आत काय भरणार? झाकण कसलं? हे सांगितल्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

पत्र्याचं_घर
काचेच्याच हो. बिअरच्या 650 मिलीच्या, भंगारवाल्याकडून 24 आणल्या होत्या. बिअरच भरायची आहे, घरी केलेली. आता सांगा.

कायद्याचं_बोला
सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949. परवाना नसताना घरी बिअर काढणं गुन्हा आहे, आणि तुम्ही भाच्याच्या वाढदिवसाला लहान पोरांसमोर ती ठेवणार? धागा उडवावा अशी संपादकांना विनंती.

पत्र्याचं_घर
अहो जिंजर बिअर!! आल्याची! आलं, साखर, लिंबू. नावातच बिअर आहे त्याला मी काय करू.

कायद्याचं_बोला
मग आधी तसं लिहायचं ना. तरी पण आंबवलेलं म्हणजे थोडं अल्कोहोल होतंच.

लॅबवाले_काका
होतं, पण एक-दोन दिवसांत फ्रीजमध्ये टाकलं तर नाममात्र. उन्हात आठवडाभर विसरलं तर मात्र वाढत जातं, म्हणून पोरांना ताजंच द्या. हा विषय इथे मिटवू.

आजीची_बरणी
एवढं काय त्यात, आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांना काय करायचे? निखाऱ्यावर हिंग टाकायचा, बरणी उपडी धरायची, आत धूर कोंडू द्यायचा आणि दादरा बांधून ठेवायची. सव्वा वर्ष कैरीला बुरशी यायची नाही. तुमच्या केमिकलपेक्षा हे बरं.

सेमी_ऑटोमॅटिक
आजी, लोणचं टिकतं ते मिठामुळे आणि वरच्या तेलामुळे. धुरीने वास छान येतो. पण आल्याच्या पेयात साखरच साखर, मीठ शून्य, त्यात बाटलीचा गळा एवढासा, हिंगाचा धूर आत जाईल तर आल्याऐवजी लोणच्याचीच बिअर होईल.

आजीची_बरणी
मी आजी नाही, 34 वर्षांची आहे. बरणी आजीची आहे.

ऊन_फुकट_आहे
सगळे खर्च सांगताहेत. भुसावळचं मे महिन्यातलं ऊन काय कामाचं मग? 45 च्या वर पारा जातो आमच्याकडे. बाटल्या धुवून गच्चीवर दुपारभर आडव्या ठेवा, सगळे जंतू भाजून निघतील. माझी आई पापड, कुरडया, गाद्या, सगळं उन्हातच शुद्ध करायची.

लॅबवाले_काका
उन्हात पाणी शुद्ध करायची रीत खरी आहे, पण ती पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत, पाणी भरून, सहा तास कडक उन्हात. त्यात काम करतात ते अतिनील किरण. यांची बाटली तपकिरी काचेची. बिअरच्या बाटल्या तपकिरी करतात त्याच कारणाने, की आत तो उजेड जाऊ नये. नुसत्या 45-50 अंशाने काही मरत नाही, उलट कित्येक जंतूंना ते ऊबदार वाटतं. ऊन वाळवायला वापरा.

ऊन_फुकट_आहे
बरं. वाळतील तरी.

स्क्वॅशवाली_धुळे
माझा लिंबू आणि आल्याच्या स्क्वॅशचा छोटा घरगुती धंदा आहे, आठ वर्षं झाली, एकही बाटली परत आली नाही. केएमएस वापरा!! पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, बेकरी सामानाच्या दुकानात मिळतं, चिमूटभर पाण्यात विरघळवून बाटल्या विसळायच्या, थोडं पेयातही टाकायचं. दुसरं काही लागत नाही.

सेमी_ऑटोमॅटिक
स्क्वॅशला ठीक आहे ताई, तिथे तुम्हाला आंबवण थांबवायचीच असते. यांना हवं आहे यीस्ट. तुमचं केएमएस पेयात गेलं तर यीस्ट झोपून जाईल आणि भाच्याला मिळेल गोड आल्याचं पाणी, बिनफेसाचं. शिवाय दमा असणाऱ्यांना तो सल्फरचा वायू बाधतो.

स्क्वॅशवाली_धुळे
मी विसळायला म्हटलं होतं. वाचा नीट.

सेमी_ऑटोमॅटिक
"थोडं पेयातही टाकायचं" असं तुम्हीच लिहिलंय, वर बघा.

पत्र्याचं_घर
भांडू नका हो, शुक्रवार आला. मी असं ठरवलंय, बाटल्यांत आत पांढरट थर आहे तो काढायला व्हिनेगर आणि जंतू मारायला ब्लीच, दोन्ही बादलीत एकत्र टाकतो आणि रात्रभर बुडवून ठेवतो. चालेल ना?

लॅबवाले_काका
थांबा. थांबा. थांबा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र अजिबात करू नका. आम्ल पडलं की ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तर जीवावर बेतेल. एक वापरायचं, भरपूर पाण्याने काढून टाकायचं, मगच दुसरं. आणि ब्लीच मी तुम्हाला सांगणारच नाही, नीट धुतलं गेलं नाही तर पेयाला दवाखान्यासारखा वास येतो.
आणि हा पांढरा थर आधी का नाही सांगितला? तो भरायच्या आधीपासून होता की माल नासल्यावर आला? पाणी कुठलं वापरता?

पत्र्याचं_घर
बोअरचं. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे बोअरच. थर तर धुवून वाळवल्यावर पण दिसतो, नखाने खरवडला तर भुकटी निघते. नासल्यावरचं पांढरं वेगळं होतं, पातळ सायीसारखं.

लॅबवाले_काका
म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकच समजून बसलात. भुकटी म्हणजे क्षार, बोअरच्या जड पाण्याचे. ते जंतू नाहीत, पण त्या खरबरीत थरात जंतू दडून बसतात आणि मग वरून काहीही ओता, आत पोचत नाही. मी दूध संघाच्या लॅबमध्ये 27 वर्षं काढली, तिथे पहिला धडा हाच की मळकं भांडं निर्जंतुक होत नाही. आधी स्वच्छ, मग निर्जंतुक.
क्षाराला व्हिनेगर, एका भागाला एक भाग पाणी, दोन-चार तास, मग ब्रश. भंगारातल्या बाटलीत तळाला सुकलेला चिकटा असतो, त्याला धुण्याचा सोडा, कोमट पाण्यात रात्रभर. खायचा सोडा नाही हं, धुण्याचा. हातमोजे घाला. लेबलंही आपोआप सुटतात. मग बाटली उजेडाकडे धरून आत बघा, डाग राहिला तर ती बाटली भंगारात परत.

कपाशी_बागायत
मी घरी खरोखरची बिअर करणाऱ्या एका मित्राकडे पाहिलंय (तो परदेशात आहे, कायदेवाले भाऊ शांत राहा). तो फॉस्फरिक आम्लाचं स्टार सॅन नावाचं वापरतो, लिटरला दीड मिली, एक-दोन मिनिटं आतून ओलं ठेवायचं आणि ओतून टाकायचं, धुवायचं नाही. फेस राहिला तरी चालतो. इथे पण ऑनलाइन मिळतं पण किंमत बघून मी आल्याचा चहाच प्यायलो.

लॅबवाले_काका
बरोबर आहे, फक्त ते बोअरच्या पाण्यात कालवलं तर गढूळ होतं आणि आम्लता कमी पडली की उपयोग जातो. आरओचं पाणी घ्यावं लागेल. त्यापेक्षा डेअरीच्या सामानाच्या दुकानात आयोडोफोर मागा, म्हणजे आयोडीनचं जंतुनाशक, दुधाच्या भांड्यांसाठी येतं ते. डब्यावरच्या प्रमाणाने 12.5 पीपीएम (दहा लाख भागांत साडेबारा भाग) करायचं, फिकट चहाच्या रंगाचं होतं, दोन मिनिटं, मग उपडी करून निथळू द्या. जखमेवर लावायचं आयोडीन आणू नका, ते यासाठी नाही.

सेमी_ऑटोमॅटिक
24 बाटल्यांसाठी डेअरीचा कॅन आणायला लावताय काका. कुकरमध्ये वाफवा म्हणावं, एक शिट्टी म्हणजे 120 अंशाच्या आसपास, 20 मिनिटांत सगळं खलास.

लॅबवाले_काका
650 ची बाटली कुकरमध्ये उभी राहते का कधी बघितलंय? झाकण लागेल का?

सेमी_ऑटोमॅटिक
... आत्ता ठेवून बघितली. नाही लागत.

गोटी_सोडा
बाटल्यांवरून आठवलं, भुसावळ स्टेशनबाहेर लहानपणी गोटी सोडा मिळायचा. ती बाटली कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 ला पेटंट केलेली, आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर जाऊन तोंड बंद करते. अंगठ्याने गोटी खाली ढकलली की 'टॉक्' आवाज. आता कोणी करतं का जळगावात?

खापरवरना_मांडा
करतस ना, जत्रामा. पन तो निरानाम गोड.

पत्र्याचं_घर
विषयावर या हो. ओव्हन आहे बहिणीकडे, चालेल? आणि उकळलं तर मागच्या वेळी चार बाटल्यांचे बूड तडकले.

कपाशी_बागायत
थंड बाटली उकळत्या पाण्यात सोडली ना? तडकणारच. पातेल्याच्या तळाला जुनं फडकं, बाटल्या गार पाण्यातच ठेवायच्या आणि मग गॅस लावायचा, उकळी आल्यावर दहा मिनिटं, त्यातच कोमट होऊ द्यायच्या. ओव्हनही मस्त, तोंडाला फॉइल गुंडाळा, थंड ओव्हनमध्ये आडव्या रचा, हळूहळू 170 पर्यंत न्या, तासभर, आणि दार न उघडता रात्रभर तसंच सोडा. फॉइल भरेपर्यंत काढू नका.

पत्र्याचं_घर
ओव्हन फायनल. धन्यवाद सगळ्यांना.

लॅबवाले_काका
एक मिनिट. तुम्ही म्हणालात निम्मा माल नासला. बाटल्या सगळ्या एकाच पाण्याने धुतल्या, मग निम्म्याच का? कुठल्या निम्म्या? आधी भरलेल्या की नंतरच्या?

पत्र्याचं_घर
आधीच्या. पहिल्या दहा-बारा गेल्या. नंतरच्या ठीक होत्या.

लॅबवाले_काका
भरता कसं? नरसाळं?

पत्र्याचं_घर
नाही, पाइपने. ड्रम ओट्यावर, बाटल्या खाली, पाइपला ओढ द्यायची.

लॅबवाले_काका
पाइप कुठला? आणि ओढ कशाने देता?

पत्र्याचं_घर
कूलरचा. पंपाचा पाइप, मागच्या सीझनचा, पडलाच होता. ओढ तोंडाने, दुसरं कशाने देणार.

सेमी_ऑटोमॅटिक
अरे देवा.

खापरवरना_मांडा
कूलरना पाइप!! भो, कूलरमा बठ्ठं शेवाळ ऱ्हास ना!

लॅबवाले_काका
हेच. वर्षभर कूलरच्या टाकीत लोळलेला पाइप, आतून बुळबुळीत झाला असणार, त्यात तोंडाची लाळ. पहिल्या दहा बाटल्यांनी तो धुऊन काढला म्हणून नंतरच्या वाचल्या. बाटल्या ओव्हनमध्ये भाजल्या असत्यात तरी हेच झालं असतं. नवा सिलिकॉनचा पाइप घ्या, तो उकळता येतो. आत उकळून गार केलेलं पाणी भरून, टोक बोटाने दाबून खाली सोडा, आपोआप ओढ बसते. ड्रमची तोटी असेल तर तीही खोलून उकळा.

आजीची_बरणी
आणि तुम्ही सगळे माझ्या हिंगाला हसत होतात.

कपाशी_बागायत
फुटलेल्या बाटलीचं राहिलंच. साखर किती टाकता आणि भरल्यावर ठेवता कुठे?

पत्र्याचं_घर
लिटरला 100 ग्रॅम. ठेवतो माळ्यावर, अंधार असतो म्हणून. पत्र्याच्या खाली.

कपाशी_बागायत
नावातच लिहिलं होतं की तुम्ही, आम्हीच वाचलं नाही. बिअरवाले फेस यावा म्हणून भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर टाकतात. तुमच्यात शंभर, पत्र्याखाली 40 च्या वर, यीस्टची दिवाळी. ती सगळी आंबली तर कुठलीच काच टिकणार नाही. खालच्या खोलीत ठेवा आणि प्रत्येक खेपेत एक बाटली प्लास्टिकची भरा, कोल्ड्रिंकची. ती दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली की सगळ्या लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात एका दिवसातही होते. प्लास्टिकची उकळू मात्र नका, आक्रसते, ती काकांच्या आयोडोफोरच्या पाण्यानेच. आणि सॉसच्या, सरबताच्या पातळ बाटल्या चुकूनही घेऊ नका.

कायद्याचं_बोला
स्फोटक पदार्थांचाही एक कायदा आहे, बरं का.

पत्र्याचं_घर
(सोमवार) अपडेट द्यायला आलो. पाइप नवा, बाटल्या ओव्हनमध्ये, दोन खेपा कराव्या लागल्या, बहीण वैतागली. 20 भरल्या. खालच्या खोलीत ठेवल्या, प्लास्टिकची शनिवारी दुपारीच कडक झाली, लगेच फ्रीज. एकही नासली नाही, वास मस्त, पोरांनी सगळी संपवली. फक्त पाच-सहा बाटल्यांत फेसच नव्हता, नुसतं सरबत. असं का झालं असेल?

लॅबवाले_काका
झाकणं कुठली लावलीत?

पत्र्याचं_घर
तीच हो, जुनीच. उघडल्यावर थोडी वाकतात ना, ती हातोडीने सरळ केली. उकळली होती पण.

खापरवरना_मांडा
राम राम. काका, आते तुम्हीच सांगा याले.