पॉवर स्टिअरिंगचा पंप गळतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी 2005 ची डिझेल गाडी, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारं) पॉवर स्टिअरिंग. रोज सकाळी पार्किंगमध्ये लालसर डाग दिसतो. परवा यवतेश्वर घाटात प्रत्येक वळणाला पंप असा कण्हत होता की आई म्हणाली, "अरे, कुत्रं सापडलं का चाकाखाली?" डबी उघडली तर ऑइल पार तळाला!

पाईप आणि जोड कोरडे आहेत, ओल फक्त पुलीच्या मागे. म्हणजे पंपाच्या शाफ्टचं (पुली बसते त्या दांड्याचं) ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी रिंग, गेलं असणार. मेकॅनिक म्हणतो, अख्खा पंपच बदला. मला आधी नुसतं सील बदलून बघायचंय. पण शाफ्टवरच चरा पडला असेल तर नवं सीलही टिकणार नाही, हीच धास्ती.

साताऱ्यात किंवा कराडला असा पंप खोलून नीट करणारं कुणी माहीत आहे का? बेल्टही ऑइलने माखलाय, तो पुसून चालेल की बदलूच?