तीनशे प्रश्न विचारले, पण कोणते?

'खासदारांनी तीनशे प्रश्न विचारले, म्हणजे कामसू' असं कुणीतरी म्हटलंय. नुसता आकडा फसवा असतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न लागतात आणि २३० अतारांकित. अतारांकितचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं की बहुधा विषय संपला. तारांकितवर पूरक प्रश्न टाकून मंत्र्याला पेचात धरता येतं, पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात जेमतेम चार-पाचच पुकारले जातात. नाव पुकारलं आणि सदस्य जागेवर नाही, असंही होतं!

चिकाटी बघायची तर आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले बघा. मार्च १९१० मध्ये इंग्रजांच्या काळातल्या केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, सरकारने विचार करू म्हटल्यावर मागे घेतला. वर्षभरात थेट विधेयक आणलं. तेही बेताचं: ६ ते १० वर्षांची मुलं, आणि स्थानिक संस्थेने ठरवलं तरच सक्ती. १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

आपल्या खासदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरं वाचताना 'माहिती गोळा केली जात आहे' हे वाक्य शोधा. ते सरकारचं आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्याचा खासदारांनी पाठपुरावा केला का, ते तपासा.