शाळेचं शंभरावं वर्ष, बॅचचे पैसे कमानीला द्यायचे की कपाटातल्या रजिस्टरांना?

कारंजावरचा_९६

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, चहा घेऊन वाचा.

मी जुन्या नाशकातल्या एका मराठी शाळेतून १९९६ ला दहावी झालो. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही, संस्थेतले लोक पण इथे असतात. तर पुढच्या वर्षी शाळेला शंभर वर्षं होतायत आणि आमच्या बॅचच्या सत्त्याऐंशी जणांच्या ग्रुपवर एकदम उत्साह आलाय, तीन लाख चाळीस हजार जमले पण, न्यू जर्सीवाला एक मित्र म्हणतो तुम्ही ठरवा, मी पाच हजार डॉलर टाकतो. आता ठरवायचं काय इथेच गाडी अडलीय. निम्म्यांना गेटवर आरसीसी कमान पाहिजे, वर शाळेचं नाव आणि खाली ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं (अर्थात). चार-पाच जण डिजिटल बोर्ड डिजिटल बोर्ड करतायत.

माझं डोकं फिरलं त्याचं कारण वेगळंय. मागच्या महिन्यात पोरीच्या कसल्यातरी कागदासाठी माझा दाखला पाहिजे होता म्हणून शाळेत गेलो. क्लार्क भाऊंनी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, आतून जो वास आला ना, ओल आणि डांबरगोळ्या. खालच्या दोन कप्प्यांतली जनरल रजिस्टरं (पोरांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या) २००८ च्या पुरात भिजलेली, तेव्हा बाकांवर पसरून वाळवली म्हणे, पानं पापडासारखी झालीयत आणि कडेने पाण्याची तपकिरी रेघ. मी सहज म्हटलं भाऊ, माझे आजोबा पण इथेच होते. ते बिचारे शोधायला लागले आणि सापडलं की राव! १९३६ ची नोंद. नाव, जात, जन्मतारीख, गाव, आणि पालकाच्या सहीच्या जागी मोडी लिपीत काहीतरी गिरगटलेलं, म्हणजे माझ्या पणजोबांची सही. आमच्या घरात पणजोबांचा एक फोटो सुद्धा नाहीये.

आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण: "प्रेसमध्ये नोकरी". इयत्ता सातवी. आमच्याकडे आजवर आजोबा मॅट्रिक फर्स्टक्लास म्हणून सांगितलं जायचं, त्यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्लीयत.

तर मला वाटतं पैसे आधी या कपाटाला लावावेत. ग्रुपवर म्हटलं तर उत्तर आलं, "जुन्या वह्यांना कोण विचारतं?" मी चुकतोय का? असं काम कुणी केलंय का? पैसे द्यायचे कसे, संस्थेला की शाळेला की हेडबाईंना?

निवृत्त_मास्तर

तुम्ही चुकत नाही आहात, पण एक चूक करून बसलाय, ती आधी सांगतो. शाळेच्या वाढदिवसाला काय द्यायचं हे तुम्ही सत्त्याऐंशी जण ग्रुपवर ठरवताय आणि मुख्याध्यापिकेला अजून कुणी विचारलेलंच नाही. ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत, माजी विद्यार्थी म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. प्रेमाने येतात, त्यात खोट नाही. पण एका बॅचने आम्हाला सरस्वतीची मूर्ती दिली, पुढच्या बॅचने त्याहून मोठी दिली, तिसऱ्या बॅचने घड्याळं दिली अकरा, आणि आमचा पाण्याचा पंप मात्र सहा महिने बंद. अनुदानित शाळेला पगार सरकार देतं, वेतनेतर अनुदान येतं ते तुटपुंजं आणि उशिरा, त्यातून खडू-झाडू-लाईटबिल कसंबसं निघतं. नळाची तोटी, पंप, शिपाई रजेवर गेला तर झाडायला बाई, या खर्चांना कुणी वाली नसतो कारण तोटीवर नाव कोरता येत नाही.

दोन डिजिटल बोर्ड आमच्याकडे पण आले होते. एकाचा बल्ब गेला, कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही त्यावर स्नेहसंमेलनाचा पडदा टाकला तो मी निवृत्त होईपर्यंत तसाच. द्यायचाच असेल तर पाच वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे सोबत द्या.

आता कपाटाचं. जनरल रजिस्टर हे कायमचं दप्तर, ते फेकता येत नाही आणि कुणाला घरी पण नेता येत नाही. "जुन्या वह्यांना कोण विचारतं" म्हणणाऱ्याला सांगा, सप्टेंबर २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा गावोगावच्या शाळांची हीच रजिस्टरं बाहेर काढली, मोडी वाचणारा माणूस शोधता शोधता सगळ्यांची दमछाक झाली. लोक लांबलांबून यायचे, पणजोबांचं नाव सापडलं की ऑफिसात उभ्या उभ्या रडायचे. आणि ज्या शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं तिथला माणूस रिकाम्या हाताने परत.

रजिस्टरांच्या मागे अजून बघा, शेरेबुक असेल. जुन्या काळी दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे अधिकारी, तपासणीला यायचे आणि शेरा लिहून जायचे, पोरं किती हजर, पाढे कसे म्हणतात, छप्पर गळतं का. शाळेचा खरा इतिहास तिथे असतो, स्मरणिकेत नाही. स्मरणिकेत मंत्र्यांचे शुभसंदेश असतात.

सिडकोवाली

मास्तरांशी १००% सहमत. फक्त एक भर, हेडबाईंना विचारायला जाल तेव्हा तुमच्या बॅचमधल्या दोन बायका सोबत न्या आणि त्यांना मुलींच्या बाथरूममध्ये आत जाऊन बघू द्या. आमच्या शाळेत गेले तर तीन दारांपैकी एकाला कडी होती. आठवीतल्या मुली सकाळी पाणी न पिता येतात, का ते बाईंनी मला हळू आवाजात सांगितलं. आम्ही कड्या, दोन टाक्या आणि एका मावशींचा वर्षाचा पगार एवढंच केलं. फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात, म्हणून ग्रुपवर तीनच अंगठे आले.

हिशोबनीस

पैशाबद्दल विचारलंय म्हणून फक्त तेवढंच लिहितो.

शाळेला स्वतःचं वेगळं अस्तित्व नसतं, मालक ती चालवणारी संस्था, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट. त्यामुळे पैसे संस्थेच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाईन, हेडबाईंच्या हातात रोख अजिबात नको, त्यांनाच उद्या उत्तरं द्यावी लागतात. सोबत पत्र द्या की ही देणगी अमुक शाळेच्या अमुक कामासाठी आहे, पोच घ्या, नाहीतर संस्थेच्या दुसऱ्याच इमारतीला रंग लागलेला दिसेल.

संस्थेला ८०जी (देणगीवर आयकरात वजावट देणारी मान्यता) असेल तर निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत आणि जुन्या करप्रणालीतच, नव्या रेजीममध्ये शून्य. २००० च्या वर रोख दिलं तर तेही गेलं. संस्थेने देणगीचं प्रमाणपत्र दिलं पाहिजे. आता गंमत अशी की तुमचे ३.४० लाख कुणाच्यातरी सेव्हिंग खात्यात असणार. त्याने एकदम ट्रान्सफर केले की पावती त्याच्या एकट्याच्या नावाने. ज्यांना वजावट पाहिजे त्यांना पैसे परत करा आणि थेट भरायला सांगा.

न्यू जर्सीवाल्याला एकच प्रश्न विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू दे, ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन झाला असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, लागते आणि ती बहुतेक छोट्या संस्थांकडे नसते. इथे येऊन रुपयात दिले तरी कायदा तोच. "माझ्या भावाच्या खात्यातून फिरवतो" असली आयडिया काढू नका प्लीज.

सावानातला_किडा

उशिरा बघितलं. मी रजिस्टर स्कॅन केलेत (आमच्या शाळेची, ४१ नग, दोन दिवाळ्या गेल्या त्यात) म्हणून लिहितो. बाहेरच्या एजन्सीला देऊ नका, ते पटपट व्हावं म्हणून शिवण कापतात. वही पूर्ण उघडत नसेल तर ओढू नका, खाली दोन्ही बाजूंना उशा ठेवा, वर स्टँडला कॅमेरा, खिडकीचा उजेड, एक पान उलटायला आणि एक बटण दाबायला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावाल तर मी घरी येऊन भांडेन, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं खाते. लॅमिनेशन पण नको. कसर लागलेली वही वेगळी ठेवा, बाकीच्या सुती कापडात बांधा पोथ्या बांधतात तशा, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, नि मुख्य म्हणजे तळमजल्यावरून वर न्या!! गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं की जुन्या नाशकात काय होतं ते २०१६ ला पण बघितलंय आपण.

आणि एक कळकळीची विनंती, स्कॅन झालं म्हणून नेटवर टाकू नका. त्यात लोकांच्या जाती आहेत, जन्मतारखा आहेत, सोडण्याच्या कारणात "गरिबी" लिहिलेलं आहे. तुमच्या आजोबांचं सातवी तुम्ही हसत सांगितलंत, दुसऱ्याच्या घरी ते हसण्यावारी जाईलच असं नाही. ज्याची नोंद त्याच्या घरच्यांना दाखवा. प्रदर्शनाला शेरेबुक, फोटो, जुनी प्रगतिपुस्तकं (ज्याची त्याने स्वतः आणलेली) पुष्कळ होतात. शाळेबद्दल जुन्या पेपरात काय आलंय ते शोधायला सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) या, १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, गंमत नाही.

जाता जाता, शाळेच्या दप्तराचं काय एवढं म्हणणाऱ्यांसाठी. शरणपूर रोडने आपण रोज जातो. ते शरणपूर म्हणजे १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं गाव, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं तिथे आणून ठेवायचे, लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. त्यातली काही पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टनच्या मोहिमांवर गेली, इंग्रजी कागदांत त्यांना चक्क नासिकची पोरं म्हणतात. १८७३ ला लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारला तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराइट आपल्या शरणपूरच्या शाळेतला. देह महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत आणला, १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला, शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. त्याने डायरी लिहिली म्हणून एवढं तरी माहितीय. त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं, काय माहीत. नाशकात शंभरातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? तात्यासाहेब शिरवाडकर (कुसुमाग्रज) शिकले ते न्यू इंग्लिश स्कूल म्हणजे आजची रुंगटा, हेही कॉलेज रोडवर दहा पोरांना विचारून बघा.

मिसळपाव_विदाउट_पाव

सगळं छान चाललंय, मी फक्त खडा टाकतो. कारंजावरचा भाऊ, ग्रुपवरच्या सत्त्याऐंशी जणांपैकी कितींची पोरं त्या शाळेत आहेत? आमच्या बॅचला मी हे विचारलं तर मला ग्रुपमधून काढलं. पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) शिक्षक अतिरिक्त ठरतात, वर्ग बंद होतात. कमान राहील, आत पोरं कुठून आणणार.

कारंजावरचा_९६

मिसळपाव, शून्य. माझी पोरगी पण गंगापूर रोडला सीबीएसईला आहे. बोला आता.

बाकी अपडेट देतो. शनिवारी पाच जण शाळेत गेलो, सिडकोवालींचं ऐकून त्यात दोघी मैत्रिणी. आधी हेडबाईंना वाटलं आम्ही कमानीची परवानगी मागायला आलोय, त्यांनी फाईल पण काढून ठेवली होती. काय पाहिजे विचारलं तर दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या "खरं सांगू का?" आणि मागच्या भिंतीची ओल, मुलींच्या बाजूची टाकी, आणि पाचवीतल्या ११ मुलांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी तासभर बसणारं कुणीतरी, असं सांगितलं. पाचवीचा पट २३ आहे. आमच्या वेळी एका तुकडीत ६४ होतो.

बॅचमधली एक जण रिटायर्ड व्हायच्या आधीच बँकेतून व्हीआरएस घेऊन बसलीय, ती सोमवारपासून जातेय. तिचा खर्च शून्य. भिंत आणि टाकीचं कोटेशन दीड लाखाच्या आत बसतंय. कपाट वरच्या मजल्यावर चढवलं, चौघांनी, मधल्या जिन्यात अडकलं तेव्हा नववीची पोरं आली मदतीला, त्यातल्या एकाने विचारलं काका यात काय आहे एवढं जड. शेरेबुक सापडलं, मास्तर! पहिली चार पानं मोडीत आहेत, किडाभाऊ तुम्हाला मेसेज केलाय, रविवारी वेळ आहे का बघा, मिसळ माझ्याकडून.

न्यू जर्सीवाला अमेरिकन सिटिझन निघाला. रुसलाय. म्हणतो मग डिसेंबरात येऊन पोरांना गणित शिकवतो, तेव्हा बघू.

कमानवाले अजून ग्रुप सोडून गेलेले नाहीत. त्यांचं म्हणणं की निदान कपाटावर तरी बॅचचं नाव टाकूया. ते टाकू म्हटलं, ऑइलपेंटने, छोटं.

आणि आजोबांचं घरी सांगितलं. आई म्हणाली मला माहीत होतं.