मेक्सिकोच्या आखातातील तेलगळती: संशोधनाला ३० वर्षे कशासाठी?

निरीक्षक: २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. पुढे फौजदारी खटल्यांतील तडजोडीनुसार विहीर खोदून घेणाऱ्या बीपी या तेल कंपनीकडून ३५ आणि तेलफलाटाची मालक असलेल्या ट्रान्सओशनकडून १५ कोटी डॉलर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीला मिळायचे ठरले. या निधीतून २०१३ मध्ये ३० वर्षांचा संशोधन कार्यक्रम सुरू झाला. गळती तर २०१० च्या जुलैमध्येच थांबली होती. मग एवढी मुदत कशासाठी?

भरतीओहोटी: कारण नुकसान तेलाबरोबर वाहून जात नाही. अलास्कात १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडले. तिथल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातातील हेरिंग मासळीची संख्या मात्र १९९३ मध्ये कोसळली, आणि या मासळीला तेलाने मारले, रोगाने की उपासमारीने, हा वाद अजून मिटलेला नाही. माशांच्या प्रकृतीच्या आधीच्या नोंदी पुरेशा असत्या, तर तुलना तरी करता आली असती. त्या नोंदी अपघात झाल्यावर कशा मिळवणार? (तिथल्या काही किनाऱ्यांवर खडीखाली कित्येक वर्षांनंतरही तेल सापडत होते, हे वेगळेच.)

क्षारपड: एक खुलासा करतो. बीपीने स्वतंत्रपणे दिलेल्या ५० कोटी डॉलरचा दुसरा कार्यक्रम १० वर्षांचा होता आणि तो २०२० मध्ये संपला. रक्कम सारखीच असल्याने अनेकांची गल्लत होते. तो प्रामुख्याने तेलाचा प्रवास आणि परिणाम यांवर होता, तर अकादमीच्या कार्यक्रमात समुद्रातील तेल उत्खननाची सुरक्षितता आणि किनाऱ्यावरील लोकांचे आरोग्यही येते. स्फोटापूर्वी विहिरीतील दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. अशा चुका मोठ्या यंत्रणेत कशा घडतात, हे एका चौकशी अहवालाने उलगडत नाही.

निरीक्षक: आरोग्याचा मुद्दा पटला, पण सांडलेले तेल साफ करणाऱ्या कामगारांची तपासणी काही वर्षांत उरकता येणार नाही का?

भरतीओहोटी: सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने सुमारे ३३,००० जणांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा चालवला आहे. खोकला लगेच कळतो. कर्करोग व्हायचाच असेल, तर तो दिसायला अनेकदा दशके लागतात. शिवाय बहुतेकांच्या प्रकृतीची कामापूर्वीची मोजमापे नव्हतीच, म्हणून तेलाशी कमीअधिक संपर्क आलेल्या गटांची आपसांत तुलना करावी लागते, आणि अशा तुलनेला माणसेही पुष्कळ लागतात, वर्षेही.