जनरेटर लोडशिवाय वर-खाली होतो, अर्ध्या चोकवर नीट चालतो. इंजिन बदलावं का?

दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर, १६३ सीसी चार-स्ट्रोक इंजिन. पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होतो, पण आवाज सारखा चढतो-उतरतो, दिवे लुकलुकतात. चोक अर्धा ओढला की स्थिर. फ्रिज लावला की दम टाकतो. प्लग नवा, फिल्टर साफ, ऑइल पातळीला. दोरी हलकी लागते म्हणून मेकॅनिक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं म्हणतो आणि नवं इंजिन बसवायला सांगतो. करावं का?

प्रतिसाद १
अजिबात नको. चोक हवा अडवतो, म्हणून अर्ध्या चोकवर स्थिर होतो याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय. लोड नसताना थ्रॉटल (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि बहुतेक पेट्रोल पायलट जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या बारीक भोकाच्या तुकड्यातून येतं. तो तुंबला की वेग पडतो, गव्हर्नर (वेग कायम राखणारी यंत्रणा) थ्रॉटल उघडतो, मेन जेट (लोडवर पेट्रोल देणारा मोठा जेट) ओढायला लागतो, वेग चढतो, गव्हर्नर पुन्हा बंद करतो. हेच चक्र तुम्हाला ऐकू येतंय. फ्रिजवर दम टाकतो, म्हणजे मेन जेटही अर्धा बुजलाय.

इंजिन गार असताना पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलमधलं (कार्ब्युरेटरखालच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. खाली वेगळा थर दिसला तर ते इथेनॉलने ओढलेलं पाणी. मग टाकीही पूर्ण रिकामी करा. बाउलचा १० मिमीचा बोल्ट काढला की मधल्या खांबात मेन जेट दिसेल. तो बरोबर मापाच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरनेच काढा, पितळ मऊ असतं. त्यामागची भोकांची नळीही खाली येते.

पायलट जेट बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो कार्ब्युरेटरच्या वरच्या अंगाला, थ्रॉटल स्टॉप स्क्रूच्या डोक्याखाली दबलेला प्लॅस्टिक टोपीचा तुकडा. स्क्रू किती फेरे आत होता ते मोजून काढा आणि जेट हलकेच उचकटा. उजेडाकडे धरा: भोक केसाएवढं असतं, गोल उजेड दिसलाच पाहिजे. वायरमधली तांब्याची एकच बारीक तार फिरवा. सुई किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की जेट गेला. मग कार्ब क्लीनर आणि हवा. रबरी रिंगा आधी काढून ठेवा, क्लीनरने फुगतात.

धागाकर्ता
जेट पूर्ण बुजलेला होता. आता चोकशिवाय चालतो, थोडी थरथर उरलीय. गव्हर्नरचा स्क्रू फिरवू का?

प्रतिसाद २
आधी कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या काळ्या इन्सुलेटरची दोन्ही गॅस्केटं बघा. चिरलेली असतील तर तिथून हवा शिरते आणि लक्षण हेच. मग व्हॉल्व्हची फट, गार इंजिनवर, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना: होंडाच्या जीएक्स १६० (१६३ सीसी) इंजिनाला इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी. हे झाल्यावर मल्टिमीटर हर्ट्झवर लावा. ५० हर्ट्झ म्हणजे ३००० आरपीएम. लोडशिवाय ५१-५२ असेल तर स्क्रूला हात लावू नका.

दोरी हलकी लागते ती डीकॉम्प्रेसरमुळे. कॅमवरची ती कळ सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलते, म्हणून कॉम्प्रेशन मोजायच्या साध्या गेजवरही आकडा कमी येतो. निळा धूर आणि ऑइल संपणं नसेल तर इंजिन शाबूत समजा.

कधी बदलायची वेळ आलीच तर सीसी बघून मागवू नका. पंपाच्या इंजिनाला सरळ, चावीचा शाफ्ट असतो. अशा जनरेटरांना बहुधा निमुळता लागतो आणि रोटर (जनरेटरचा फिरणारा भाग) मधल्या लांब बोल्टने आवळतात. सरळ शाफ्टवर तो रोटर बसत नाही. जुना शाफ्ट मोजून, फोटो दाखवूनच घ्या.

यापुढे दोन-तीन आठवडे लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आणि चाचणी उघड्यावर घ्या, पडवीत किंवा बाल्कनीत नको; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.